पैऱ्याचा माणूस

“चपला हितंच काढा, ताई,” अजित म्हणाला. “आणि ह्याला बांधावरच थांबू द्या.”

मी चपला काढल्या. माझ्यामागे सुकुमारनंही काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि तो तिथंच उभा राहिला. समोर त्याच्या घरचाच पानमळा होता. शेवरीची सरळसोट झाडं ओळीनं उभी होती, त्यांवर पानवेल शेंड्यापर्यंत चढले होते आणि आतला ओला गारवा बांधापर्यंत येत होता. सुकुमार या मळ्यात लहानाचा मोठा झाला होता. पण आजारी पडल्यापासून अजितनं, त्याच्या थोरल्या भावानं, त्याला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

“फक्त पहिल्या ओळीपर्यंत,” मी म्हणाले. “मी सोबत आहे.”

“तुम्ही सोबत हायसा, खरं हाय. पण उद्या एक वेल जरी वाळला, तर गाव तुम्हाला न्हाई इचारणार. मला इचारणार.”

“ऱ्हाऊ दे, ताई,” सुकुमार मागून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बस चुकली तर माणूस जसं म्हणतो, तसं तो म्हणाला.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून मिरजेच्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. खेड्यातल्या मानसिक रुग्णांवर त्यांच्या गावातच उपचार व्हावेत म्हणून ही संस्था काम करायची. महिन्यातून एकदा डॉक्टर ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसत. उरलेले दिवस आम्ही घरोघर फिरायचो. गोळी घेतली का, झोप लागते का, हे विचारणं सोपं होतं. अवघड काम त्यापुढं होतं. माणूस बरा होत आला, तरी गावात त्याची जी जागा होती ती तोवर बुजून गेलेली असायची. ती परत उकरून काढायची कशी, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सुकुमार चौगुलेला स्किझोफ्रेनिया होता. आजार सुरू झाला तेव्हा पानं आपल्याविषयी कुजबुजतात असं त्याला ऐकू यायचं. एका दुपारी तो विळा घेऊन बांध ओलांडून गेला आणि शेजारच्या रायगोंडा पाटलांच्या मळ्यातल्या दोन ओळी त्यानं बुडापासून कापून टाकल्या. त्याच पावसाळ्यात पाटलांच्या मळ्यावर मर रोग आला आणि अर्धा मळा वाळून गेला. पानमळा म्हणजे त्या गावाला देवघरासारखा. आत चप्पल चालत नाही, विटाळ चालत नाही. गावानं दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. येड्याचा पाय लागला की वेल जळतो, असं लोक उघड बोलू लागले.

मी एकदा पाटलांना समजावून सांगायला गेले होते. मर रोग बुरशीनं येतो, पावसाळ्यात मुळाशी पाणी साठलं की ती वाढते, असं सगळं सांगितलं. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बुरशी असंल की,” ते म्हणाले. “पण त्याच साली कशी काय आली, ते सांगा.”

विज्ञानात याला योगायोग म्हणतात, आणि अर्धा मळा गमावलेल्या माणसासमोर तो शब्द फार हलका वाटतो.

औषधं सुरू झाल्यावर सुकुमार हळूहळू माणसात आला. आवाज पुसट झाले, झोप लागू लागली. तो आईला जात्यापासून पाण्यापर्यंत सगळ्या कामात हात लावायचा. अडचण एकच होती. औषधामुळे त्याचे हात थरथरायचे. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण कमी केलं, तरी थरथर पूर्ण गेली नाही. गावाला एवढं पुरेसं होतं.

“हात बघा त्याचा,” लोक म्हणायचे. “आणि म्हणं बरा झालाय.”

एक दिवस त्यांच्या सोप्यात बसले असताना मला एक गोष्ट दिसली. सुकुमारचा हात मांडीवर निवांत ठेवलेला असला की थरथरायचा. पण वेल बांधायला आणलेली लव्हाळ्याची पात त्यानं उचलली आणि सोप्याच्या खांबाला चाळा म्हणून गाठ मारायला घेतली, तेव्हा थरथर थांबली. गाठ झाली, हात मांडीवर आला, थरथर परत सुरू. मी त्याला पुन्हा गाठ मारायला सांगितलं. मग डाव्या हातानं. मग उभं राहून, हात डोक्यावर धरून.

“ताई, खांब पळून जातोय व्हय?” त्याची आई, सुशीलाकाकू, आतून हसल्या. “किती बांधून घेतायसा त्याच्याकडनं?”

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, बरोबर आहे. या औषधाचा कंप बहुधा विश्रांतीत येतो, कामात कमी होतो. मी ते अजितला सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि तरीही त्या सकाळी त्याला बांधावर ठेवून मला एकटीलाच मळ्यात नेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात उसाचा ट्रॅक्टर चुकवताना अजितची मोटारसायकल घसरली आणि त्याचा पाय मोडला.

मी भेटायला गेले तेव्हा तो प्लॅस्टरमधला पाय उशीवर टेकून आढ्याकडं बघत पडला होता. पायापेक्षा मोठं काहीतरी बिनसलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

“उतरण आलीय, ताई,” सुशीलाकाकू म्हणाल्या.

उतरण म्हणजे काय ते मला तोवर माहीत झालं होतं. वेल शेंड्याला पोचला की पान बारीक पडतं. म्हणून उन्हाळ्याआधी सगळे वेल सोडून अलगद खाली आणायचे, त्यांची वेटोळी बुडाशी मातीत पुरायची आणि शेंडा तेवढा वर ठेवून झाडाला पुन्हा बांधायचा. शेंडा मोडला की त्या वेलाचं वर्ष गेलं. एका घरच्या माणसांना हे काम उरकत नाही, म्हणून गावात पैरा चालतो. पैऱ्यातल्या प्रत्येक घरानं दुसऱ्याच्या मळ्यात एक माणूस द्यायचा, आणि ज्याच्या मळ्यात तुमचा माणूस राबला त्यानं तुमच्या मळ्यात येऊन तो दिवस फेडायचा. पैशाचा संबंध नाही. ज्या घराचा माणूस आला नाही, त्या घराच्या मळ्यात कुणी जात नाही.

“उद्यापास्नं पैरा सुरू,” अजित म्हणाला. “पयला मळा पाटलाचा. आमच्या घरातनं जायला माणूस न्हाई. मजूर बघितला, सगळे उसाला गेल्यात. आमची उतरण न्हाई झाली तर मळा हातचा गेला.”

“मी जातो,” सुकुमार दारातून म्हणाला.

“तू गप.”

“माणूस न्हाई म्हणालास. मी कोण हाय मग?”

अजितनं डोळे मिटून घेतले. काकू माझ्याकडं बघू लागल्या. मला वाटलं, आपण काहीतरी सोय करायला हवी. आमच्या संस्थेत रुग्णाला काम देणाऱ्याला पहिला महिना निम्मी मजुरी द्यायची योजना होती. मी ती सांगितली.

“पाटलास्नी मजुरी देणार व्हय तुम्ही?” सुकुमार पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. “ताई, त्यांच्याकडं लई हाय. त्यांच्याकडं माणूस कमी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुकुमारबरोबर पाटलांच्या बांधावर गेले. त्याच्या खांद्यावर घरची शिडी होती. पैऱ्यातली बाकीची माणसं जमली होती, आणि त्यांचा म्होरक्या भूपालआण्णा लव्हाळ्याच्या पेंड्या पाण्यात भिजवत बसला होता. सत्तरीचा माणूस, पांढऱ्या मिशा, तोंडात कायम पान.

रायगोंडा पाटलांनी आम्हाला येताना बघितलं आणि ते थेट बांधावर आले.

“अजित कुठाय?”

“पाय मोडलाय, दादा,” सुकुमार म्हणाला. “घरातनं मी आलोय.”

“तू?” पाटलांनी मळ्याकडं हात केला. “त्या दोन ओळी दिसतायत का? परत लावायला लागल्या मला. काय केलंतास, आठवतंय का तरी?”

मला वाटलं तो मान खाली घालेल. त्यानं घातली नाही.

“आठवतंय, दादा. सगळं आठवतंय.”

हे उत्तर पाटलांनी धरलं नव्हतं.

“हात बघा त्याचा,” कुणीतरी मागून म्हणालं. शिडी खाली ठेवल्यावर सुकुमारचा मोकळा हात थरथरत होता. मी कंपाबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण भूपालआण्णानं मला हातानंच थांबवलं.

“रायगोंडा,” तो म्हणाला, “माणसं कमी हायत. ऊन व्हायच्या आत निम्मं उरकाया पायजे. काय ते बोल.”

पाटलांनी विचार केला. “बरं. विळा देणार न्हाई मी त्याला.”

“नको,” सुकुमार म्हणाला. “जुन्या गाठी नखानं सोडतो.”

“आणि त्याचा दिवस पैऱ्यात धरणार न्हाई. काय जमंल ते करू दे, आमच्यासंगं जेवू दे. पुण्याचं काम म्हणून. तुमच्या मळ्यात मी माणूस धाडीन, पण ते अजितकडं बघून.”

बांधावर सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. मळा वाचणार होता, सुकुमार आत जाणार होता. एवढं कुठल्याही अहवालात यश म्हणून लिहिता आलं असतं.

सुकुमारनं शिडी परत खांद्यावर घेतली.

“मग मी येत न्हाई, दादा.”

“का?”

“दिवस धरणार असलासा तर येतो. नसलासा तर घरी बसूनबी जेवतोय मी.”

“सुकुमार,” मी हळूच म्हणाले, “आजच्यापुरतं जाऊ दे. एकदा काम दिसलं की—”

“ताई, तुमचा दिवस धरत्यात न्हवं संस्थेत?”

“हो.”

“मग.”

तो वळला. खरोखरच निघाला. त्याच्या घरचा मळा, भावाचं वर्ष, सगळं त्या शिडीबरोबर परत चाललं होतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बांधाच्या वळणापर्यंत तो पोचला तेव्हा भूपालआण्णानं तोंडातलं पान थुंकलं.

“ए सुकुमार! थांब की लेका.” मग तो पाटलांकडं वळला. “पैऱ्यात असा निम्माशिम्मा माणूस घेतलाय का आपण कवा? राबला तर माणूस, न्हाई राबला तर न्हाई. सांजचं काम बघ आणि मग ठरीव. पण आत्ताच न्हाई म्हणू नगंस.”

पाटलांनी परत मळ्याकडं बघितलं.

“त्याच दोन ओळीत लावा त्याला,” शेवटी ते म्हणाले. “बघतो सांजचं.”

मला मळ्याच्या तोंडाशी बसायची परवानगी मिळाली. तिथून त्या दोन ओळी दिसत होत्या. सुकुमारनं शिडी लावली, वर गेला आणि पहिल्या वेलाच्या गाठी सोडायला लागला. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. पहिली गाठ सुटेपर्यंत ती थरथरत होती. मग वेलाचं वजन हातात आलं आणि बोटं स्थिर झाली. त्यानं वेल तळहातावर तोलत, एकेक पायरी उतरत खाली आणला, शेंडा दोन बोटांत वर धरून. बुडाशी वेटोळं घातलं. माती ओढली. पात भिजवून गाठ मारली आणि पुढच्या झाडाकडं गेला. शेजारच्या ओळीतली माणसं आपलं काम करता करता तिरक्या नजरेनं बघत होती. पाटील तर काम सोडूनच बघत होते.

“दादा, त्याच्याकडं बघून तुमचे वेल उतरनात,” कुणीतरी म्हणालं. पाटलांनी घसा खाकरला आणि ते कामाला लागले.

ऊन चढलं तसा मळा आतून तापला. सुकुमार पहिली ओळ संपवून दुसरीत शिरला होता. आणि मग तो थांबला. शिडीच्या मध्यावर, एक वेल हातात, मान किंचित कलती. मी ही मान ओळखत होते. पहिल्या भेटीत मी त्याला असाच बघितला होता, कुणाचं तरी ऐकत बसलेला.

मी उठून उभी राहिले.

त्यानं हातातला वेल सावकाश झाडाला टेकवला, तात्पुरती गाठ मारली, ओढून बघितली. मग शिडी उतरून ओळीच्या तोंडाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आण्णा, आवाज याला लागलाय. जरा बसतो. पाणी पितो, मग जाईल.”

मळ्यातली सळसळ थांबली. इतक्या वर्षांत मी अनेक माणसांना आपला आजार लपवताना बघितलंय, अगदी शिकलेल्यांनाही. भर कामात, सगळ्यांसमोर, पाय मुरगळल्यासारखं कुणी ते सांगताना एरवी कधी बघितलं नाही.

“बघा!” पाटील म्हणाले. “मी काय म्हणत होतो?”

“काय म्हणत होतास?” भूपालआण्णा शिडीवरून उतरत म्हणाला. “मला साखर हाय. ह्या टायमाला बिस्किट न्हाई खाल्लं तर मीबी शिडीवरनं पडतोय. म्हणून काय मी पैऱ्यातनं उठलो? चला रे, सगळेच बसा. पाणी प्या.”

माणसं सावलीला येऊन बसली. सुकुमार तांब्यानं पाणी प्याला आणि गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडं बघत बसला. शेवटी बाजूचा एक तरणा गडी, सिदराम, पाटलांकडं सालानं राबणारा, राहवेना म्हणून म्हणाला, “सुकुमारदा, रागावू नगंस. पण काय म्हणालाय त्यो आवाज?”

सुकुमारनं मान वर केली. त्याचा चेहरा घामानं डबडबलेला होता.

“सांगू?”

“सांग की.”

“म्हणालाय, पाटलाचं पान कडू हाय.”

भूपालआण्णा असा हसत सुटला की बिस्किटाचा भुगा मिशांवर उडाला. सिदराम मालकासमोर हसायचं नाही म्हणून तोंड दाबून मागं वळला.

“कडू?” पाटील ताडकन म्हणाले. “माझं पान? सांगलीत जाऊन इचार म्हणावं!”

“मी कुठं म्हणालोय, दादा? त्यो म्हणतोय.”

“त्याला सांग, खाऊन बघ म्हणून!”

हे बोलून झाल्यावर आपण कुणाशी भांडतोय हे पाटलांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्याही ओठांची कड हलली. सगळा मळा हसत होता. सुकुमारही हसत होता, आणि हसता हसता त्यानं कानावरून हात फिरवला, माशी उडवावी तसा.

“गेला?” मी विचारलं.

“गेला न्हाई. लांब बसलाय.” तो उठला. “चला, ऱ्हायलेली ओळ काढू.”

संध्याकाळी पाटील त्या दोन ओळींतून एकटे फिरले. प्रत्येक बुडाशी वाकून त्यांनी शेंडे बघितले, गाठींना बोट लावलं. आम्ही सगळे बांधावर पाय धूत त्यांची वाट बघत होतो. ते बाहेर आले, हात झटकले.

“तुमची उतरण कवा हाय?” त्यांनी सुकुमारला विचारलं.

“शुक्कारी.”

“हं,” पाटील म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

सुकुमार मधल्या दिवसांत आणखी दोन मळ्यांत गेला. तिथं कुणी काही अट घातली नाही. पण चौगुल्यांच्या घरात सगळे शुक्रवारचीच वाट बघत होते. पाटलांचा माणूस आला नसता, तर त्या पहिल्या दिवसाचा अर्थ गावानं आपल्या मनानं लावला असता.

शुक्रवारी मी पहिल्या एसटीनं गेले. अजितला खाटेवर बसवून मळ्याच्या तोंडाशी आणलं होतं. भूपालआण्णा आला, मागोमाग बाकीची घरं आली. सुकुमार पेंड्या भिजवत बांधावरच होता. तो अजून आत गेला नव्हता, आणि अजितही काही बोलला नव्हता. दोघं भाऊ एकाच वाटेकडं बघत होते.

मग सिदराम दिसला, खांद्यावर शिडी घेऊन येताना.

“गडी धाडला,” अजित पुटपुटला. “धाडला तरी.” त्याच्या आवाजात निम्मा आनंद होता. सुकुमार पेंडी उलटत राहिला. त्यानं वर बघितलं नाही.

सिदराम बांधाशी आला, थांबला आणि त्यानं मागं वळून बघितलं. चिंचेच्या आडून पाटील येत होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी सिदरामच्या खांद्यावरची शिडी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

“तू जा. म्हशीस्नी पाणी दाखीव.”

“दादा,” सुकुमार उठून उभा राहिला, “तुम्ही कशाला? सिदराम चालला असता की.”

“माझ्याकडं तुमच्या घरचा माणूस आलता,” पाटील म्हणाले. “गडी न्हाई.”

भूपालआण्णानं पान तोंडात टाकलं आणि तो दुसरीकडं बघू लागला. सुशीलाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. अजितनं खाटेची कड घट्ट धरली होती.

“काय उभा ऱ्हायलायस, सुकुमार?” तो एकदम ओरडला. “पाटील खोळंबल्यात. आत जा आणि कुठली ओळ द्यायची त्यास्नी, ते सांग. मला काय हितनं दिसतंय?”

सुकुमार आत गेला. त्याच्यामागं पाटील, त्यांच्यामागं सगळा पैरा. मी तोंडाशी माझ्या जागेवर बसले. सुकुमारनं प्रत्येकाला ओळ दाखवली, पाटलांना स्वतःच्या शेजारची दिली आणि काम सुरू झालं. काही वेळ आतून फक्त पानांची सळसळ आणि शिड्या हलवल्याचा आवाज येत होता.

मग सुकुमार आपल्या शिडीवरून उतरला, पाटलांच्या झाडापाशी गेला आणि त्यांनी नुकत्याच मारलेल्या गाठीत त्यानं बोट घातलं.

“दादा, सैल हाय,” तो म्हणाला. “सोडा. परत बांधा.”

भूपालआण्णाचे हात थांबले. गावात पाटलांना असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

पाटलांनी त्याच्याकडं बघितलं, मग गाठीकडं. आणि खाली बसून त्यांनी ती सोडली.